संगणकाचा पंखा आणि तानपुऱ्याचा सूर

संगणकावर तानपुरा ऐकताना विरत जाणारा सूर मध्येच हरवतो, हे तुम्ही अनुभवले असेल. संगणकातील पंखा सूर बिघडवतो काय? नाही. संगणकात ध्वनी आकड्यांच्या रूपात साठवलेला असतो. पंख्याच्या आवाजाने ते आकडे बदलत नाहीत. पंखा सूर बिघडवत नाही, झाकतो.

कसा ते पाहू. समजा, पंख्याला 7 पाती आहेत व तो मिनिटाला 1200 फेरे घेतो. म्हणजे सेकंदाला 20 फेरे. 20 × 7 = 140 हर्ट्‌झचा गुंजारव! काळी एक पट्टीत गाणाऱ्या पुरुषाच्या षड्जाची कंपनसंख्या सुमारे 139 असते. जवळजवळ सारख्या कंपनसंख्येचे दोन ध्वनी एकदम आले, की मोठ्यापुढे लहान कानाला जाणवतच नाही.

यावर उपाय काय? पंख्याची गती निम्मी केली, तर आवाज सुमारे 15 डेसिबलने उतरतो; पण वाराही निम्माच मिळतो व संगणक तापतो. म्हणून मोठा पंखा सावकाश फिरवणे उत्तम. झरोके मात्र कधीही बुजवू नका.

आता संगणक कानापासून दूर सरकवा आणि तोच सूर पुन्हा ऐका. काय फरक जाणवतो?