नव्या गाण्यातला जुना तुकडा

मैत्रिणींनो, घरात कॉलेजात जाणारं एखादं मूल असेल तर हा अनुभव तुम्हाला नवा नाही. कानात ती बोंडं घातलेली, मान तालावर हलते आहे आणि आपण तिसऱ्यांदा "पानं घेतलीत" म्हणून ओरडतो आहोत! काय ऐकतोस असं विचारलं तर उत्तर ठरलेलं, "तुला नाही कळणार." कधी चुकून आवाज मोठा राहिलाच, तर गाणं चाललंय की भांडण असा प्रश्न पडावा. धाडधाड ताल आणि त्यावर कोणीतरी भराभर बोलतंय. या प्रकाराला हिप हॉप म्हणतात आणि त्यातल्या बोलण्याला रॅप.

मी पनवेलच्या एका शाळेत अर्धवेळ मराठी शिकवते. आठ ओळींची कविता पाठ होत नाही म्हणून कुरकुरणारी मुलं मधल्या सुट्टीत पाच-पाच मिनिटांचं रॅप एका दमात म्हणून दाखवतात. एकही यमक चुकत नाही, एकही मात्रा सुटत नाही. मास्तरीणबाईंना याचं कुतूहल वाटणार नाही तर काय!

पण खरी गंमत घरात झाली. माझ्या नणंदेचा मुलगा शिक्षणासाठी आमच्याकडे राहतो. एका रविवारी त्यानं बाहेरच्या खोलीत गाणी लावली होती. सासूबाई मेथी निवडत बसल्या होत्या. मध्येच त्यांचा हात थांबला.

"अरे, ही तर लता!"

"आजी, हे अमेरिकेतलं गाणं आहे," भाचा हसत म्हणाला.

"असेल. बाई आपली आहे." आणि त्यांनी पुढची ओळ म्हणूनच दाखवली.

मग शोधाशोध झाली. ते गाणं होतं 'ॲडिक्टिव्ह'. ट्रुथ हर्ट्स हे नाव घेऊन गाणाऱ्या अमेरिकन गायिकेचं, २००२ सालचं. आणि सासूबाईंनी ओळखलेलं गाणं म्हणजे १९८१ च्या 'ज्योती' चित्रपटातलं 'थोडा रेशम लगता है', संगीत बप्पी लाहिरींचं. लताबाईंचा आवाज जसाच्या तसा उचलून नव्या तालावर बसवलेला! प्रकरण पुढे कोर्टात गेलं. बप्पीदांचं नाव छापल्याशिवाय ती तबकडी विकता येणार नाही, असा आदेश लॉस एंजेलिसच्या न्यायालयानं २००३ साली दिला. भाच्याला यातलं काही ठाऊक नव्हतं, आणि त्या दिवसापासून आजीचा भाव घरात वधारला.

हे उचलणं म्हणजे चोरीच की, असं प्रथम वाटतं. पण आपल्या गोधडीचा विचार करा. आजीच्या लुगड्याचा काठ, आत्याच्या परकराचा तुकडा, बाळाचं जुनं झबलं, सगळं दोऱ्यानं एकत्र आणलं की नवी वस्तू होते. पांघरणाऱ्याला ऊब मिळते आणि जाणकार बाई बोट ठेवून सांगते, हा तुकडा अमकीच्या लुगड्याचा. हिप हॉपवाले हेच करतात. जुन्या तबकडीतला दोन-चार सेकंदांचा तुकडा घ्यायचा, तो पुन्हा पुन्हा वाजवायचा आणि त्यावर आपलं बोलायचं. त्या तुकड्याला सॅम्पल म्हणतात. हा तुकडा कुठला, ते ओळखण्यात या संगीताच्या दर्दींना फार आनंद असतो. तासन् तास जुन्या तबकड्या धुंडाळतात म्हणे! सासूबाईंना तो मेथी निवडता निवडता मिळाला.

ही कला निघाली गरिबीतून. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात एका इमारतीत ११ ऑगस्ट १९७३ रोजी एक पार्टी झाली, तिला हिप हॉपचा जन्मदिवस मानतात. तबकड्या वाजवणारा मुलगा जमैकातून आलेला, कूल हर्क नावानं प्रसिद्ध झालेला. त्याच्या लक्षात आलं होतं की गाण्यात नुसता ड्रम वाजतो तेवढ्याच वेळात लोक बेभान नाचतात. म्हणून एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर ठेवून तो तेवढाच भाग लांबवायचा. पण ती पार्टी ठरवली कोणी? त्याच्या बहिणीनं, सिंडी कॅम्पबेलनं! शाळा सुरू व्हायची होती, नवे कपडे घ्यायला पैसे हवे होते. मुलींना पंचवीस सेंट आणि मुलांना पन्नास सेंट, असं तिकीट तिनं लावलं. भावाचं नाव जगभर झालं, बहिणीचं बऱ्याच जणांना ठाऊकही नाही. १९७९ साली 'रॅपर्स डिलाइट' ही गाजलेली रॅपची तबकडी काढली तीही एका बाईनं, सिल्व्हिया रॉबिन्सन यांनी.

तबकड्यांतले हे ड्रम आले कुठून, हे समजून घ्यायला आणखी थोडं मागं जावं लागतं. अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या चर्चमध्ये भजनं फार जोशात म्हणतात. तोच गळा, तीच आर्तता घेऊन संसारातली, प्रेमातली गाणी म्हटली जाऊ लागली, ते सोल संगीत. अरीथा फ्रँकलिन ही त्यातली राणी, एका धर्मोपदेशकाची मुलगी. तिचं १९६७ चं 'रिस्पेक्ट' प्रत्येक विवाहित बाईनं एकदा ऐकावं. मूळ गाणं ओटिस रेडिंग या गायकाचं, १९६५ चं. त्यात पैसे कमावून घरी येणारा पुरुष मान मागतो. अरीथानं तेच गाणं बाईच्या तोंडी घातलं, त्या शब्दाचं एकेक अक्षर सुटं करून खणखणीत म्हटलं आणि अर्थच पालटला. साथीला तिच्या बहिणी होत्या. हे गाणं मी घरात लावलं तेव्हा आमचे हे वर्तमानपत्रामागून म्हणाले, "चाल बरी आहे." शब्दांबद्दल काही बोलले नाहीत!

सोलमध्ये गळा मोठा. फंकमध्ये ताल मोठा. जेम्स ब्राऊन हा त्याचा कर्ता. जन्म १९३३ चा, म्हणजे आपल्या आशाबाईंच्याच वर्षाचा. पहिल्या मात्रेवर सगळ्यांनी एकदम यायचं, हा त्याचा दंडक. तबला शिकलेल्यांना वेगळं सांगायला नको, ही समच की! गिटार, ट्रम्पेट ही वाद्यंसुद्धा तो ढोलकीसारखी तुटक वाजवून घ्यायचा. आपल्या पनवेल-उरणकडच्या हळदीत बेंजो सुरू झाला की साठीच्या काकूही खुर्चीत बसून राहत नाहीत. फंकचं तसंच आहे, आधी पाय ऐकतात आणि मग कान. (आणि बेंजो तरी कुठं मूळचा आपला! जपानी वाद्याच्या घराण्यातला तो. पण आता त्याच्याशिवाय हळद लागत नाही.)

हा फंक १९७० च्या सुमारास आपल्या हिंदी चित्रपटांत शिरला. कल्याणजी-आनंदजींचा १९७८ चा 'डॉन' आठवा. 'ये मेरा दिल'मधली ती ठसक्याची वाद्यं, हेलनचा नाच आणि आशाबाईंचा आवाज. अमेरिकेचा ताल मुंबईत आला, इथल्या वादकांनी त्याला आपला मसाला लावला. आणि २००५ साली ब्लॅक आइड पीज या अमेरिकन मंडळींनी तेच गाणं आणि १९७२ च्या 'अपराध'मधलं आशाबाईंचं आणखी एक गाणं घेऊन आपलं गाणं केलं, त्याला रॅपचं ग्रॅमी पारितोषिकही मिळालं. माहेरची साडी मुलीनं नेसावी आणि फिरून आईकडं यावी, तसा हा प्रवास. मुलं ज्याला परदेशी म्हणून डोक्यावर घेतात, त्याचा अर्धा काठ मुंबईतच विणलेला.

मला मात्र एक गोष्ट सलते. या तुकड्यांमागची माणसं. जेम्स ब्राऊनच्या 'फंकी ड्रमर'मधला क्लाइड स्टबलफील्डनं वाजवलेला ड्रमचा तुकडा शेकडो गाण्यांत वापरला गेला, पण त्या वापरातून त्याच्या हाती फारसं काही लागलं नाही. २०१७ साली तो गेला. आपल्याकडे तरी काय वेगळं? चित्रपटांच्या वाद्यवृंदांत किती गोवेकर, किती पारशी वादक आयुष्यभर वाजवत राहिले. तबकडीवर बहुतेकांची नावं नाहीत. व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस यांचं नाव घरोघरी गेलं ते त्यांच्या शिष्यानं, प्यारेलाल यांनी, १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'मधल्या गाण्यात ते घातलं म्हणून. तेही कितीजणांना ठाऊक आहे की हा खराखुरा माणूस होता?

आता हे सगळं मराठीत आलं आहे. कुर्ल्याचा नेझी आणि अंधेरीचा डिव्हाइन यांच्यावरून स्फूर्ती घेऊन २०१९ साली 'गली बॉय' निघाला, तो आपण पाहिलाच. त्याच वर्षी 'स्वदेशी' या मुंबईच्या मंडळींनी आरेच्या जंगलाबद्दल 'द वारली रिव्हॉल्ट' केलं, त्यात आरेतल्या आदिवासी पाड्यावरच्या प्रकाश भोईर यांचा आवाज आहे. माही जी या नावानं मराठीत रॅप करणारी मुलगी महादेव कोळी समाजातली, शिक्षणानं इंजिनिअर; आदिवासींचे प्रश्न ती गाण्यात मांडते. २०२३ साली राजकारण्यांवर मराठी रॅप करणाऱ्या तरुणांवर पोलिसांत गुन्हे नोंदले गेले. ऐकताना मला डफ हातात घेतलेले शाहीर आठवतात. वर्गात पोवाडा शिकवायचा होता तेव्हा मी मुलांना आधी त्यांचं रॅप म्हणायला लावलं आणि मग त्याच ठेक्यात पोवाडा. मागच्या बाकावरचा, कधी तोंड न उघडणारा मुलगा त्या दिवशी सर्वांत पुढं होता.

सगळंच गोड आहे असं मी म्हणणार नाही. पुष्कळ गाण्यांत शिव्या असतात आणि काहींत बायकांविषयी इतकं घाणेरडं बोलणं की ऐकवत नाही. गरिबीचा राग समजू शकतो, बाईला वस्तू मानणं मला मान्य नाही. मोबाईलवर गाण्याच्या नावाशेजारी छोट्या चौकटीत इंग्रजी 'ई' अक्षर दिसलं की समजायचं, यात तसले शब्द आहेत. नुसती बंदी घालून उपयोग नाही, मुलं बाहेर ऐकतातच. मी भाच्याला एवढंच विचारलं, "हे तू तुझ्या आईसमोर लावशील का?" त्यानं त्यातली काही गाणी आपणहून काढली, काहींसाठी माझ्याशी वाद घातला. वाद झाला तरी चालेल. निदान कानातली बोंडं काढून झाला!

मागच्या महिन्यात भिशी आमच्याकडे होती, तेव्हा मी चार जोड्या लावल्या. आधी जुनं गाणं, मग त्यातून निघालेलं नवं. 'ज्योती' आणि 'डॉन'च्या दोन जोड्या वर सांगितल्याच. तिसरी, 'दम मारो दम' आणि मेथड मॅनचं २००४ चं 'व्हॉट्स हॅपनिन'. चौथीला हशा पिकला. १९६३ च्या 'ताजमहाल'मधल्या 'चाँदी का बदन' कव्वालीचा तुकडा एरिक सर्मननं २००२ साली 'रिॲक्ट'मध्ये घेतला. कव्वालीतली बाई जीव देण्याच्या हौसेविषयी बोलते आणि अर्थ न कळताच रॅपर तिला जोरात दुजोरा देतो! साबुदाणा वडे थंड झाले तरी कोणी उठेना. शेजारच्या काकू तर दुसऱ्या दिवशी माळ्यावरून जुन्या तबकड्यांचं खोकं काढून घेऊन आल्या.

तुमच्याकडेही असं खोकं असेल तर थोडी काळजी घ्या. तबकड्या आडव्या रचू नका, वाकतात. पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा. पत्र्याखालच्या माळ्यावर उन्हाळ्यात मुळीच नकोत. धूळ पुसताना स्वच्छ मऊ सुती कापड घ्यावं आणि रेघांच्या दिशेनं गोल पुसावं, आडवं नाही. फार मळलेली असेल तर कापड साध्या पाण्यानं किंचित ओलं करा, मधला कागद भिजू देऊ नका, सावलीत पूर्ण वाळवूनच आत घाला. जाड, जड, पडली की फुटणाऱ्या जुन्या तबकड्या लाखेच्या असतात. त्यांना स्पिरिट कधीही लावू नये, लाख विरघळते. पावसाळ्यात कव्हरांना बुरशी येते, तेव्हा कोरड्या दिवशी ती उघडून पंख्याखाली ठेवा. फाटली तरी टाकू नका, संगीतकाराचं, गायकाचं नाव त्यावरच सापडतं.