हजार बैठका आणि एक जड बैठक

कोल्हापूरच्या तालमींत पहाटेची मेहनत सुरू झाली, की बैठका शेकड्यांनी मोजल्या जातात. टाचा उचलून, हात झुलवत, श्वासाच्या तालावर मारलेल्या या बैठकांनी पैलवानांच्या पिढ्यांना दम दिला. बडोद्याहून निघालेल्या दहा खंडांच्या ‘व्यायामज्ञानकोशा’ने आपली ही व्यायामपरंपरा जतन केली. तिच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. तरीही एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. पाचशे बैठका सहज मारणारा गडी खांद्यावर 100 किलो घेऊन खाली बसला, तर उठेलच असे नाही. दम आणि ताकद यांची मेहनत वेगळी आहे.

खांद्यावर वजन घेऊन बसण्याचा इतिहास फारसा जुना नाही. 1921 साली अमेरिकेत गेलेल्या हेन्री स्टाइनबॉर्न या जर्मन मल्लापाशी रॅक नव्हता. तो भरलेला बार उभा करायचा, वाकून खांद्यांवर आडवा घ्यायचा आणि तसाच खाली बसून उठायचा. पुढे रॅक आले आणि वजने वाढली. 2016 मध्ये रे विल्यम्स या अमेरिकन पॉवरलिफ्टरने तब्बल 456 किलोंची बैठक मारली.

पण सामान्य माणसाच्या दृष्टीने खरे काम केले थॉमस डीलॉर्म या लष्करी डॉक्टरने. दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेल्या सैनिकांचे पाय हलक्या वजनाने असंख्य वेळा हलवण्याची तेव्हा रीत होती. डीलॉर्मने वजन जड केले, आवर्तने कमी केली आणि पेलेल तसे वजन वाढवत नेले. 1945 मध्ये त्याने हे मांडले. ताकदीचा सगळा व्यायाम आजही याच पायावर उभा आहे.

मधे एक घोळ झाला. 1961 मध्ये टेक्सासच्या कार्ल क्लाइनने पूर्ण बैठकीने गुडघ्याचे बंध सैल होतात असे लिहिले. नंतरच्या अभ्यासांत ते टिकले नाही, पण भीती जिमच्या भिंतींना चिकटून राहिली. अजूनही तरुण मुले भरमसाट प्लेटा लावून वीतभर वाकतात आणि त्यालाच बैठक म्हणतात. पॉवरलिफ्टिंगच्या नियमात नितंबाची घडी गुडघ्याच्या माथ्याखाली जावी लागते. तिथवर जाता येत नसेल, तर वजन उतरवा.

नवशिक्याने आठवड्यातून दोनदा, पाच-पाच बैठकांचे तीन सेट मारावेत. दोन सेटमध्ये तीन ते पाच मिनिटे थांबावे. धापा टाकत मारलेला सेट दमाचा होतो, ताकदीचा नाही. खाली जाण्याआधी पोटात श्वास भरून पोट आवळावे, टाचा जमिनीला रोवाव्यात, गुडघे आत पडू देऊ नयेत. दर खेपेला अडीच किलो वाढवले, तर 20 किलोंच्या रिकाम्या बारवरून बारा आठवड्यांत 80 किलोंपर्यंत जाता येते. सगळ्यांना इतके साधणार नाही. सुरुवातीची बरीचशी वाढ स्नायू जाड झाल्याने नव्हे, तर मज्जासंस्था शिकल्याने होते. वजन अडले, की ते दहा टक्क्यांनी उतरवून पुन्हा चढावे, आणि आधी झोप व खुराक तपासावा.

दिवाळीनंतरची थंडी ही मेहनतीचीच. गुडघ्याचे किंवा पाठीचे जुने दुखणे असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. नसेल, तर उद्या रिकामा बार खांद्यावर घ्या, आणि वजन लिहायला एक वही जवळ ठेवा.