आंगठ्याची किंमत

१९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला, आणि १९६२ सालीं स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहती पुढें चिंचवड, भोसरी व चाकणपर्यंत पसरल्या. शेतांच्या जागीं मोटारींचे सुटे भाग घडूं लागले. आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरची चूल याच पट्ट्यांतील पगारावर पेटते. म्हणून त्या पगारामागें दडलेल्या एका खर्चाचा हिशेब आपणांस ठाऊक असावा.

पत्र्यास आकार देणारें यंत्र म्हणजे पॉवर प्रेस. साचा खालीं येत असतां हात आंत राहिला, तर क्षणार्धांत बोट जातें. अशा हानीबद्दल कामगारास भरपाई मिळावी म्हणून १९२३ सालीं कायदा झाला व त्यानें एक कोष्टक घालून दिलें. आंगठा समूळ गेल्यास कमाईची शक्ति शेंकडा ३० नें घटली असें धरावें. तर्जनी गेल्यास शेंकडा १४ नें. हा मोठाच उपकार झाला यांत संशय नाहीं.

परंतु कोष्टक आंगठा मोजतें, त्यामागचें घर मोजीत नाहीं. जखमी माणसाजवळ इस्पितळांत बसावयाचें म्हणून पत्नीचें काम सुटतें. घरभाडें व किराणा थांबत नाहींत. कर्ज काढावें लागतें. थोरल्या मुलीची शाळा बंद होते, आणि एका बोटाची हानि पुढच्या पिढीकडून वसूल होते. कंत्राटदाराकडील मजुराचें नांव हजेरीपुस्तकांत नसेल, तर भरपाईचा अर्जहि अडतो.

कारखानदारहि सुटत नाहीं. यंत्र थांबतें, सोबती धास्तावतात, नवा माणूस शिकवावा लागतो, माल वेळेवर जात नाहीं. अमेरिकेंतील विमाकंपनीचे अधिकारी हाइनरिख यांनीं १९३१ सालीं असें मांडलें कीं, उघड खर्च एक असेल तर झांकलेला चार असतो. हें प्रमाण सर्वत्र सारखें नसतें, हें पुढें दिसून आलें. झांकलेला खर्च मात्र सर्वत्र असतो.

८ डिसेंबर २०२३ रोजीं तळवडे येथें वाढदिवसाच्या केकावर लावावयाच्या मेणबत्त्यांच्या कारखान्यास आग लागली. सहा जण त्याच दिवशीं गेले, आणखी कांहीं पुढें इस्पितळांत दगावले. मृतांत बहुतेक स्त्रिया होत्या. मेणबत्तीच्या दरांत ही किंमत कोणीं धरली होती?

दोन्ही हातांनीं दोन बटणें दाबल्यावांचून प्रेस चालूं नये, अशी योजना करतां येते. तिचा खर्च मालकाच्या वहींत लिहिला जातो, म्हणून तो जड वाटतो. अपघाताचा खर्च दुसऱ्यांच्या घरीं वांटला जातो, म्हणून तो हलका वाटतो. अनर्थाचें मूळ हेंच.

विद्यार्थिमित्रांनो, उद्यां तुमच्यापैकीं कोणी यंत्रावर उभे राहाल, कोणी यंत्राचे धनी व्हाल. नग वाढावेत म्हणून संरक्षक जाळी काढावी असें वाटेल, त्या क्षणीं हा सबंध हिशेब आठवा. तो मांडणें हें शेजाऱ्यावरील प्रीतीचेंच एक काम आहे.