धान्याला ऊन दाखवा



दसरा-दिवाळीच्या सुमारास खळी भरतात. मका, सोयाबीन, भुईमूग, बाजरी असे खरिपाचे धान्य एकामागून एक घरात येते. याच दिवसांत अवकाळी पाऊस हमखास गाठतो. मळणी यंत्र दारात उभे असते, मजूर मिळत नाहीत, देणेकऱ्यांची घाई असते. मग दाणा अर्धवट ओला असतानाच पोती शिवली जातात. घरातली म्हातारी माणसे सांगत असतात, "अरे, धान्याला ऊन दाखवा." आपण "दाखवू की" म्हणतो आणि पोत्यांची थप्पी लावून मोकळे होतो.

या लहानशा चुकीची किंमत किती मोठी असू शकते, ते आधी सांगतो.

१९७४ सालची गोष्ट

गुजरातचा पंचमहाल आणि राजस्थानचा बांसवाडा हे तेव्हा शेजारशेजारचे जिल्हे होते. तेथील गरीब आदिवासी कुटुंबांचे मुख्य अन्न म्हणजे मका. १९७४ साली ऐन काढणीच्या वेळी अवेळी पाऊस झाला. कणसे भिजली आणि ती नीट न वाळवताच साठवली गेली. पुढे अनेक गावांत माणसांना कावीळ होऊ लागली, पोटात पाणी साठू लागले. गावांतील कुत्र्यांनाही तोच आजार झाला. शंभरावर माणसे दगावली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तपास केला, तेव्हा दोष मक्यावरील बुरशीचा निघाला.

ही पिवळसर हिरवी बुरशी ओल्या मक्यावर आणि भुईमुगावर चटकन वाढते व अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. हे विष यकृतावर घाला घालते. १९६० साली इंग्लंडमध्ये सुमारे एक लाख टर्की कोंबड्या बुरशी लागलेल्या भुईमूग पेंडीने मेल्या, तेव्हा या विषाचा प्रथम शोध लागला. एकदा तयार झालेले विष भाकरी भाजल्याने किंवा धान्य मागाहून वाळवल्याने भरवशाने जात नाही. "माणसांना नको, जनावरांना घालू," असेही करू नका. दुभत्या जनावराने ते खाल्ले, तर त्याचा अंश दुधात उतरतो आणि ते दूध आपलीच लेकरे पितात. म्हणून बुरशी येऊच न देणे हाच खरा उपाय, आणि त्याचे औषध रोज सकाळी आपल्या अंगणात फुकट येते.

ऊन नेमके काय करते?

सूर्य आपल्यापासून सुमारे पंधरा कोटी किलोमीटर दूर आहे. त्याचा प्रकाश येथे पोहोचायला आठ मिनिटांपेक्षा थोडा अधिक वेळ लागतो. त्याच प्रकाशाच्या बळावर हिरवे पान हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि मुळांनी ओढलेले पाणी यांपासून अन्न तयार करते व ते कणसात साठवते. दाणा भरतो तो उन्हाने, आणि भरलेला दाणा टिकतो तोही उन्हानेच.

उन्हाने दाणा तापतो आणि भोवतालची हवाही तापते. तापलेली हवा ओल शोषून घेते, वारा ती वाहून नेतो, आणि दाण्याच्या आतील ओल हळूहळू बाहेर येते. बुरशी असो वा सोंडे, दोघांनाही जगायला ओल लागते. दाणा कोरडा झाला की बुरशी वाढत नाही आणि किडीची वाढही मंदावते.

ज्वारी, बाजरी, गहू, मका यांत साठवणीच्या वेळी १२ टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा नसावा. तूर, हरभरा, मूग यांत ९ ते १०, तर भुईमुगाच्या शेंगांत ८ टक्क्यांच्या आसपास असावा. "वाळवले की वजन घटते," अशी काहींची तक्रार असते. हिशेब करून पाहा. १८ टक्के ओलाव्याचा शंभर किलो मका १२ टक्क्यांवर आणला, तर सुमारे सात किलो वजन कमी होते. हे सातही किलो पाणीच असते. ते पाणी पोत्यात राहिले, तर उरलेल्या ९३ किलोंचाही भरवसा नाही.

वाळवण्याची रीत

१. धान्य उघड्या मातीवर किंवा डांबरी रस्त्यावर पसरू नका. माती ओल देते आणि बुरशीही देते. ताडपत्री अंथरा.

२. थर दोन-तीन बोटांपेक्षा जाड नको. तासाभराने वरखाली करा.

३. सकाळचे दव उडाल्यावर पसरा आणि दिवस कलला की रास करून झाका. उघडे राहिलेले धान्य दिवसभर सोडलेली ओल रात्री पुन्हा घेते.

४. गरम धान्य तसेच कोठीत भरू नका. पत्र्याला आतून घाम सुटतो आणि तेथूनच बुरशी धरते. रात्रभर झाकून निवू द्या, मग भरा.

५. घरच्या घरी परीक्षा हवी असेल, तर काचेच्या कोरड्या बाटलीत तिसरा हिस्सा धान्य आणि दोन-तीन चमचे कोरडे मीठ घाला. चांगले हलवून पंधरा मिनिटे ठेवा. काचेला मीठ चिकटले, तर ओलावा १५ टक्क्यांच्या वर आहे. चिकटले नाही, तरी आणखी एक-दोन उन्हे द्याच. दाताखाली दाणा 'कट्' वाजला, म्हणजे तो वाळला हे आपल्या घरातील बायकांना ठाऊकच आहे.

बियाण्याचे ऊन वेगळे

आता माझी स्वतःची एक चूक सांगतो. मी नोकरीला नवा होतो आणि पदवीचा ताठा होता. एका गावच्या सभेत मी ठासून सांगितले, "बियाणे कडक उन्हात खणखणीत वाळवा." एका शेतकऱ्याने ते मनावर घेतले. सोयाबीनचे घरचे बियाणे सिमेंटच्या गच्चीवर काळा कागद अंथरून चार दिवस भर दुपारी तापवले. पुढच्या जूनमध्ये पेरणी केली, तर तास रिकामेच. दुबार पेरणीची वेळ आली आणि त्यासाठी त्याला बियाणे उसनवारीवर घ्यावे लागले.

मी मान खाली घालून त्याच्या घरी गेलो. त्याची आई ओट्यावर बसली होती. रागावली नाही. म्हणाली, "साहेब, गहू म्हंजे गडीमाणूस, त्याला कसलंबी ऊन चालतं. बी म्हंजे तान्हं लेकरू. त्याला कोवळंच ऊन द्यावं."

"आजी, हे मला आधी कुणी सांगितलं नाही," मी म्हणालो.

"तुमी इचारलं कुठं?" ती म्हणाली.

तिचे म्हणणे शास्त्राला धरून होते. बियाण्यात जिवंत अंकुर असतो. सोयाबीनचे कवच पातळ असते. तापलेल्या सिमेंटवर किंवा पत्र्यावर ते तडकते आणि अंकुर भाजून निघतो. म्हणून बियाणे ताडपत्रीवर, सकाळच्या व उतरत्या उन्हात, ओलावा १० ते १२ टक्क्यांवर येईपर्यंतच वाळवावे आणि भर दुपारी सावलीत ओढावे. पेरणीपूर्वी १०० दाणे ओल्या गोणपाटावर ठेवून उगवण मोजावी. ७० किंवा अधिक दाणे उगवले, तर बियाणे पेरणीयोग्य समजावे.

याउलट, खाण्याच्या कडधान्यात भुंगे असतील, तर कडक ऊनच हवे. काळ्या कागदावर पातळ थर देऊन वर पारदर्शक प्लॅस्टिक अंथरावे व कडा दाबाव्यात. आत साठ अंशांच्या आसपास उष्णता तासभर टिकली, की भुंगा अंड्यासकट मरतो. मात्र हा उपाय बियाण्यासाठी करू नये.

काही पदार्थांना तर ऊनच नको. तासगावकडील हिरवे बेदाणे शेडमध्ये सावलीत वाळवतात, कारण थेट उन्हात ते काळवंडतात. मेथीसारखी पालेभाजीही सावलीतच सुकवावी, म्हणजे तिचा रंग आणि जीवनसत्त्वे बऱ्याच अंशी टिकतात. कुरडया, पापड आणि सांडगे घालणाऱ्या आपल्या भगिनींना कोणत्या पदार्थाला किती ऊन द्यायचे, याचे ज्ञान आपल्यापेक्षा जास्त आहे. धान्य भरण्यापूर्वी एकदा त्यांचा सल्ला घेण्यात कमीपणा नाही. मी तो उशिरा घेतला, आणि त्याचा भुर्दंड दुसऱ्याला पडला.

तेव्हा या सुगीत पोती शिवण्याची घाई करू नका. दोन-तीन दिवस खळ्यावर अधिक गेले, तरी चालतील. ताडपत्री काढा, धान्य पसरा, आणि दिवस कलला की रास झाकायला विसरू नका.