तळघरात बसलेला गव्हर्नर

१६ मार्च १८६१. ऑस्टिनच्या विधानभवनात गव्हर्नर सॅम ह्यूस्टनच्या नावाचा पुकारा झाला. एकदा, दोनदा, तीनदा. अमेरिकेतून फुटून निघालेल्या दक्षिणी राज्यसंघाशी निष्ठेची शपथ घ्यायला त्याला बोलावत होते. अडुसष्ट वर्षांचा ह्यूस्टन त्याच इमारतीच्या तळघरात चाकूने लाकूड तासत बसून राहिला. वर गेला नाही. पद गेले.

टेक्सास त्याला ओळखते ते सॅन हासिंतोच्या लढाईमुळे. २१ एप्रिल १८३६ रोजी अवघ्या १८ मिनिटांत त्याने सांता आनाच्या मेक्सिकन फौजेची दाणादाण उडवली आणि टेक्सासच्या नव्या प्रजासत्ताकाचा तो अध्यक्ष झाला. मला त्याच्या आयुष्यात जास्त मोलाची वाटते ती दिलेल्या शब्दाची गोष्ट. पाळलेल्या, आणि मोडलेल्याही.

तिची सुरुवात टेनेसीत होते. सोळाव्या वर्षी दुकानातल्या नोकरीला कंटाळून तो घरातून पळाला आणि चेरोकी इंडियन लोकांत जाऊन राहिला. त्यांचा प्रमुख उलुतेका याने त्याला पोटच्या पोरासारखे ठेवले. १८१४ मध्ये अमेरिकन फौजेतून लढताना हॉर्सशू बेंडच्या लढाईत त्याच्या मांडीत बाण घुसला. ती जखम पुढे कधीच पुरती भरली नाही. काही वर्षांनी सरकारी प्रतिनिधी म्हणून त्यानेच उलुतेकाच्या लोकांना मिसिसिपीपलीकडे स्थलांतर करायला राजी केले. १८२९ मध्ये लग्न काही आठवड्यांतच मोडले, टेनेसीच्या गव्हर्नरपदाचा राजीनामा देऊन तो परागंदा झाला, तेव्हा त्याला आसरा मिळाला तो त्याच उलुतेकाच्या दारात.

म्हणूनच १८३६ चा करार मनाला लागतो. फेब्रुवारीत ह्यूस्टनने पूर्व टेक्सासमधल्या चेरोकींना जमिनीचा हक्क लिहून दिला. त्यांच्या वतीने प्रमुख बोल्स याने तो मान्य केला. पुढच्याच वर्षी टेक्सासच्या सिनेटने तो करार धुडकावला. नंतरचा अध्यक्ष लामार याने चेरोकींना हुसकावून लावले. जुलै १८३९ मध्ये नेचेस नदीजवळच्या लढाईत ऐंशी ओलांडलेला बोल्स मारला गेला. त्या वेळी त्याच्याजवळ ह्यूस्टनने भेट दिलेली तलवार होती. ह्यूस्टनने जाहीरपणे संताप व्यक्त केला. पण गेलेली माणसे आणि जमीन थोडीच परत येणार होती?

पुढे टेक्सास अमेरिकेत सामील झाले आणि ह्यूस्टन अमेरिकेच्या सिनेटमध्ये गेला. १८५४ मध्ये तिथे कॅन्सस-नेब्रास्का विधेयक आले. १८२० ची तडजोड मोडून गुलामगिरीला नव्या प्रदेशांची वाट मोकळी करणारे ते विधेयक होते. ह्यूस्टनने विरोधात मत दिले. ती तडजोड मोडू नका, इंडियनांशी झालेले करार मोडू नका, हे त्याचे म्हणणे होते. त्यासाठी टेक्सासने त्याला सिनेटमधून घरी बसवले. पण तो स्वतः गुलाम बाळगत होता, हे विसरून चालणार नाही. ज्यांना कुणी शब्दच दिला नव्हता, त्यांच्यासाठी त्याची ही निष्ठा कधी उभी राहिली नाही.

१८५९ मध्ये त्याच टेक्सासने त्याला गव्हर्नर केले. दीड वर्षात फुटीचे वारे सुटले. सार्वमतात तिपटीच्या वर मते फुटीच्या बाजूने पडली. पदावर टिकण्यासाठी लिंकनने देऊ केलेली लष्करी मदत ह्यूस्टनने नाकारली. आपल्यासाठी टेक्सासमध्ये रक्त सांडायला तो तयार नव्हता. त्याचा थोरला मुलगा दक्षिणेच्या फौजेत भरती झाला आणि शायलोच्या लढाईत जखमी झाला.

अखेरचे दिवस हंट्सव्हिलमध्ये, आगबोटीच्या आकाराच्या एका भाड्याच्या घरात गेले. हॉर्सशू बेंडची जखम अजून वाहत होती. बायको मार्गारेट ती धुऊन पट्टी बांधत असे. २६ जुलै १८६३ पर्यंत.