‘अंधाधुन’चा शेवट: आकाशला दिसत होतं की नव्हतं?

(सूचना: या लेखात चित्रपटाचा शेवट सांगितला आहे. चित्रपट पाहिला नसेल तर आधी पाहा, मग वाचा.)

‘अंधाधुन’ ५ ऑक्टोबर २०१८ ला प्रदर्शित झाला. इतकी वर्षं झाली, तरी चित्रपटाची चर्चा निघाली की तोच प्रश्न पुन्हा येतो: शेवटी आकाशला दिसत होतं का? पुण्यात घडणारी ही गोष्ट श्रीराम राघवन यांनी दिग्दर्शित केली आहे. तिला सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आयुष्मान खुराना यालाही सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार विभागून मिळाला. मात्र शेवटाचं उत्तर चित्रपटाने दिलं नाही. ते शोधायचं तर सातारा-सांगलीच्या माळरानावरचा एक प्राणी आपल्या कामाला येतो. तो म्हणजे ससा.

शेवटी नेमकं काय होतं?

आकाश हा आंधळेपणाचं नाटक करणारा पियानोवादक आहे. सिमी (तब्बू) आपल्या नवऱ्याचा खून लपवत असताना तो ते पाहतो. पुढे सिमी त्याला खरोखरच आंधळं करते. अवयवांचा धंदा करणारा डॉ. स्वामी एक सौदा मांडतो. सिमीचं यकृत विकायचं आणि तिचे कॉर्निया, म्हणजे डोळ्याच्या बाहुलीवरचे पारदर्शक पडदे, आकाशला बसवायचे. सिमीला गाडीच्या डिकीत कोंबून दोघे निघतात. वाटेत गाडी थांबते.

मग थेट दोन वर्षांनंतरचं पोलंडमधलं क्राकोव्ह शहर. तिथे आकाशची जुनी मैत्रीण सोफी (राधिका आपटे) त्याला भेटते आणि तो पुढचं सांगतो. सिमीने स्वामीला संपवलं, गाडी स्वतः चालवली, आकाशला उतरवलं आणि मग त्याला उडवायला गाडी वळवली. तेवढ्यात एका शिकाऱ्याचा नेम चुकला, ससा उडून काचेवर आदळला, गाडी उलटली आणि सिमी मेली. सोफी म्हणते, तू डॉक्टरचं ऐकायला हवं होतंस. आकाश काही न बोलता निघतो आणि वाटेतला रिकामा कॅन काठीने अचूक उडवतो. चित्रपट संपतो.

गल्लत कुठे होते?

बहुतेक वादांत दोन वेगळे प्रश्न एकत्र केले जातात. पहिला: आकाशला आता दिसतं का? दुसरा: सिमीचं काय झालं? कॅन फक्त पहिल्या प्रश्नाबद्दल सांगतो. ‘कॅन उडवला, म्हणजे त्याने सिमीचे डोळे घेतले’ असं म्हणणं ही मोठी उडी आहे. आधी दोन्ही प्रश्न वेगळे करू.

पहिला प्रश्न: दिसतं का?

पुरावे ‘हो’कडे झुकतात. वाटेतला कॅन एका फटक्यात उडवणं हा योगायोग असू शकतो, पण दिग्दर्शकाने चित्रपटाची शेवटची कृती म्हणून तीच निवडली आहे. शिवाय आंधळ्याचं सोंग घेऊन पियानो वाजवणं ही आकाशची जुनी सवय आहे. शेजारच्या लहान मुलाने त्याचं हे सोंग मोबाइलवर टिपलंही होतं. जो माणूस एकदा असं जगला, तो पुन्हा तसं जगू शकतो.

पण दृष्टी आली कुठून? सिमीकडूनच आली असं नाही. दोन वर्षांत नेत्रदानातून मिळालेला कॉर्निया बसवता येतो. अर्थात, ज्याच्या कॉर्नियातच दोष आहे त्यालाच या शस्त्रक्रियेचा उपयोग होतो. डोळ्यामागची नस निकामी झाली असेल तर कोणाचाही कॉर्निया बसवून काही दिसत नाही. चित्रपट मात्र स्वामीच्या तोंडून कॉर्नियाचाच उपाय सांगतो, म्हणून गोष्टीपुरतं ते मान्य करू.

दुसरा प्रश्न: ससा खरा होता का?

इथे माण, खटाव, आटपाडी किंवा जत या भागांतल्या वाचकाला जास्त विचारायला हवं. आपल्याकडचा रानससा दिवसा गवतात किंवा पिकाच्या कडेला दबून बसतो. माणूस अगदी पायाशी येईपर्यंत तो हलत नाही. उठला की मात्र वेड्यावाकड्या उड्या मारत सुटतो. त्यामुळे बंदुकीच्या आवाजाने बिथरलेला ससा रस्त्यावर येणं पूर्ण शक्य आहे. नेमका काचेवर आदळणं दुर्मीळ, पण अशक्य नाही.

खरी अडचण पुढे आहे. आकाश तेव्हा आंधळा होता. मग शिकारी होता, त्याचा नेम चुकला, ससा उडाला, हे त्याला कळलं कसं? ‘नंतर कोणीतरी सांगितलं असेल’ हे सोपं उत्तर. पण कोण सांगणार? वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार सशाची शिकार हा गुन्हा आहे. आपल्या गावाकडे विचारून बघा: चोरून शिकार करणाऱ्यासमोर गाडी उलटली आणि आत बाई मेली, तर तो साक्ष द्यायला थांबेल का? बंदूक घेऊन तो आधी पसार होईल. म्हणजे हा तपशील आकाशपर्यंत पोहोचण्याचा रस्ता फारच अरुंद आहे.

त्यात भर म्हणजे आकाशच्या काठीची मूठ. तिच्यावर सशाचं डोकं आहे. ‘द युजुअल सस्पेक्ट्स’ (१९९५) या गाजलेल्या चित्रपटात एक पात्र समोरच्या भिंतीवर आणि टेबलावर दिसणाऱ्या गोष्टी उचलून खोटी कहाणी रचतं. आकाशनेही हातातल्या काठीवरून ससा रचला असेल का? की त्या अपघाताची आठवण म्हणून त्याने तशी काठी घेतली? दोन्ही अर्थ बसतात.

मग सुरुवातीला दाखवलेला ससा?

अपघात खरा मानणाऱ्यांचा हा सर्वांत भक्कम मुद्दा. चित्रपटाच्या अगदी सुरुवातीला, आकाश दिसण्याच्याही आधी, कोबीच्या शेतात शिकारी एका सशामागे धावताना दिसतो. त्या सशाचा एक डोळा अधू आहे. कॅमेऱ्याने स्वतः दाखवलं, म्हणजे ते घडलंच, असं हे म्हणणं.

पण आपण पाहिलेलं सगळंच आकाश सोफीला सांगत असेल तर? मग तो ससाही त्याच्याच गोष्टीचा भाग ठरतो. तसं पाहिलं तर अधू डोळ्याच्या प्राण्याने आंधळ्याचा जीव वाचवावा, हे जरा जास्तच जुळवून आणलेलं वाटतं.

मग निष्कर्ष काय?

आमच्या मते उत्तर असं मांडता येईल. आकाशला शेवटी दिसतं, हे जवळजवळ नक्की. सोफीला सांगितलेल्या गोष्टीत काहीतरी खोटं आहे, हे बरंच संभवतं, कारण दिसत असूनही तो तिच्यासमोर आंधळाच राहतो. पण त्याने सिमीचा बळी दिला, हे सिद्ध होत नाही. तो शक्यतेच्या पातळीवरचा संशय आहे.

आणि हा संशयच महत्त्वाचा आहे. तो खरा असेल, तर ज्याच्यासाठी आपण दोन तास जीव मुठीत धरून बसलो, त्यानेच स्वतःच्या डोळ्यांसाठी एका जिवंत बाईचा सौदा केला. ती स्वतः खुनी होती म्हणून हा गुन्हा लहान होत नाही. चित्रपट सुरू होतानाच पडद्यावर येतं की आयुष्य ‘लिव्हर’वर अवलंबून असतं. इंग्रजीत या शब्दाचे दोन अर्थ: यकृत आणि जगणारा माणूस. आकाश कसा जगला, हे ठरवायचं काम दिग्दर्शकाने आपल्यावर टाकलं आहे.

हा उघडा शेवट मुळातच आहे. ‘अंधाधुन’चं बीज ज्या ‘लाकोर्दर’ (२०१०) या फ्रेंच लघुपटात आहे, तोही पियानो वाजवणाऱ्या नायकाच्या मागे धोका उभा करून, पुढचं न सांगता थांबतो.

पुन्हा पाहाल तेव्हा एक करा. प्रत्येक प्रसंगाला दोन प्रश्न विचारा: हे मला कोण सांगतंय, आणि त्याला हे कळलं कसं? मोबाइलवर रोज येणाऱ्या ‘डोळ्यांदेखत घडलेल्या’ गोष्टींनाही हेच दोन प्रश्न विचारायला हरकत नाही. पुष्कळ ससे तिथेच गळून पडतील.