चिमणीची जागा

कनेरगाव नाक्यावरच्या आमच्या माळवदाच्या घरात तुळईवरच्या फटींत चिमण्यांचा संसार असे. अम्मी सूप घेऊन जोंधळे पाखडायला बसली, की त्या अंगणात उतरत. पुढे मी स्लॅबचे घर बांधले. भिंती गुळगुळीत झाल्या आणि चिमण्या गेल्या. मी त्यांना हाकलले नव्हते. फक्त जागा ठेवली नव्हती.

भारतातील पक्ष्यांविषयीचा २०२० सालचा अहवाल सांगतो, की देशभरात चिमण्या साधारण टिकून आहेत. घटल्या त्या मुंबईसारख्या महानगरांत. म्हणजे चिमणी संपलेली नाही, ती आपल्या दारातून उठून गेली आहे.

ती घरट्यासाठी पोकळी शोधते. मोठी चिमणी दाणे खाते; पिल्लांना मात्र अळ्या-किडे भरवते. अंगणात फरशी आणि झाडांवर विषारी फवारा असेल, तर दाणे टाकूनही पिल्ले उपाशीच.

नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांनी चिमणी वाचवण्याचे काम घरोघरी नेले. त्यांच्या संस्थेच्या पुढाकाराने २०१० पासून २० मार्चला जागतिक चिमणी दिन पाळतात. पण एका दिवसाने भागत नाही. सव्वा इंचाच्या भोकाचे लाकडी खोके छज्जाखाली, मांजर पोहोचणार नाही असे टांगा. परळात रोज ताजे पाणी ठेवा. एखादे झुडूप फवाऱ्याविना वाढू द्या.

मीही खोके टांगले. दोन महिने ते रिकामेच होते. मग एके सकाळी चोचीत काडी घेऊन चिमणा आला. अम्मी आज नाही; पण तिचे पाहुणे परत आले.